अक्षरजुळणीची ओळ

दुसरा ओढा ओलांडून मंगल काठावरच्या दगडावर टेकली आणि पाय निथळू देत तिनं मागं बघितलं. उपासना अजून पाण्यातच. चुडीदाराचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले, चपला हातात, आणि एकेक गोटा पायानं चाचपत ही बया अशी सावकाश येत होती, जशी काय सहलीलाच निघालीय. मंगलला त्या सावकाशीचाच राग आला. कुठंही बघा, हिला घाई म्हणून नसते, आणि तरी कामात ही आपल्या आधी पोचलेली असते.

"आक्का, खेकडं हाईत वो हितं!" उपासना पाण्यातनं ओरडली.

"असू देत की. घरी न्यायचीत काय? चल लवकर. सहाची गाडी चुकली तर जांबोटीत कुणाच्या पडवीत झोपतीस?"

"तुमच्या वळखीचं न्हाय काय कोण?"

"असलं तरी सांगणार न्हाय. चल."

जांबोटी अजून कोस-दीड कोस होती. गावात तीनला येणारी परतीची एकुलती एक बस आलीच नव्हती. साडेतीनपर्यंत पारावर बसून वाट बघितली आणि शेवटी दोघी चालत सुटल्या. फेब्रुवारीतलं ऊन कलतं झालं होतं. रस्ता तांबडा, दोन्ही बाजूला रान, मधेच कापलेल्या भाताची खाचरं आणि बांधावर मोहरलेले काजू. मंगलच्या माहेरचा हा रस्ता. लहानपणी ती या रस्त्यानं अनवाणी शेकडो वेळा गेली असेल, पण आज तिच्या खांद्यावरची कापडी पिशवी तिला जड लागत होती.

पिशवीत एकशे अडुसष्ट पानांचं प्रूफ होतं. गावच्या मराठी शाळेला शंभर वर्षं झाली, त्याची स्मरणिका. तिथं जन्मभर शिकवलेल्या देवाप्पा गुरुजींनी आज तिच्या पानांवर शेवटचा हात फिरवला. उद्या दुकानात बारीकसारीक दुरुस्त्या करायच्या आणि परवा छपाईला पाठवायची. सगळं झालं होतं, एक ओळ सोडून. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, 'अक्षरजुळणी' असा शब्द होता आणि त्याच्यापुढं कोरी जागा. तिथं एक नाव यायचं होतं. मंगलचं किंवा उपासनाचं.

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही घालावीत की. पण महादेव अण्णांच्या दुकानाचा नियम होता, एका कामाला एकच नाव. "म्हणजे चुका निघाल्या की कुणाच्या नावानं ओरडायचं ते गिऱ्हाइकाला कळतंय," असं अण्णा म्हणायचे. अनगोळात त्यांचं टायपिंगचं दुकान. मंगल तिथं बावीस वर्षं होती. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भजनी मंडळांची पुस्तकं, कुणाच्या बाराव्याचा कागद, सगळं तिच्या हाताखालनं गेलेलं. टायपिंग ती शिकली लोखंडी मशीनवर. परीक्षेत पहिल्या वर्गात आली होती, आणि त्या मशीननं लावलेल्या सवयी तिच्या बोटांत मुरल्या होत्या. ओळ मधोमध आणायची तर किती वेळा स्पेस मारायची, हे तिला पाठ. 'श्री'ला तेहेतीस, 'निमंत्रण'ला एकोणतीस. नवीन पान हवं असलं की ती एन्टर मारत सुटायची, पान येईपर्यंत. दुकानात कॉम्प्युटर आला तरी बोटं तीच राहिली. रोज सकाळी मशीन सुरू झालं की पहिल्या कोऱ्या पानावर ती तेहेतीस स्पेस मारून 'श्री' टाइप करायची, हात जोडायची आणि मग ते पुसून कामाला लागायची.

पुस्तकाचं काम आलं की शेवटच्या पानावर ओळ ठरलेली असायची, 'अक्षरजुळणी : सौ. मंगल देसूरकर.' छापून आलेली एक प्रत ती घरी न्यायची, देवापुढं ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि मग कपाटात. अशी चौदा पुस्तकं जमली होती. घरातल्या कुणी त्यातलं एकही उघडून बघितलं नसेल. पण होती, आणि चौदाही पुस्तकांत तिचं नाव होतं.

मग पाच वर्षांपूर्वी दुकानात निपाणीची उपासना घस्ते आली.

आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अंगानं काटकुळी, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. वडील लहानपणीच गेलेले. आई पारूबाई विड्या वळायची, आणि शाळा सुटली की उपासनाही सूप मांडीवर घेऊन आईच्या शेजारी बसायची. बी.ए. झाली ती विड्या वळतच. कॉम्प्युटरचा क्लास केला, निपाणीत काम बघितलं, मिळालं नाही, मग अनगोळात एक खोली भाड्यानं घेऊन राहिली. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "आधी आईचं डोळं, आक्का. मग नवऱ्याचं बघू." आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

पहिल्याच आठवड्यात तिनं काय केलं, तर माऊस उचलून स्क्रीनच्या मागं ठेवून दिला.

"हे गं काय?" मंगलनं विचारलं.

"हात लांब जातो वो आक्का. एकदा गेला की परत येईस्तवर ओळ डोक्यातनं निघून जाती."

"मग काम कसं करतीस? मंत्र म्हणून?"

उपासना हसली आणि तिनं करून दाखवलं. शीर्षक कसं दिसायला हवं ते सगळं तिनं एकदाच ठरवून ठेवलं होतं. अक्षर केवढं, ठळक की बारीक, मधे की कडेला, वर किती जागा सोडायची आणि खाली किती. वर्डमध्ये एक खिडकी उघडते, तिथं या सगळ्याला मिळून आपल्याला हवी ती दोन बटणं नेमून देता येतात. बटणं दाबायची, 'असाइन' म्हणायचं, झालं. पुढं कधीही त्या ओळीवर जाऊन तेवढी दोन बटणं दाबली की ओळ आपली तयार, जशी काय आंघोळ करून गंध लावून आलीय. अल्ट आणि एक दाबलं की मोठं शीर्षक. अल्ट आणि दोन, छोटं शीर्षक. तीनवर कवितेचं कडवं, चारवर फोटोखालची बारीक ओळ, पाचवर लेखकाचं नाव उजवीकडं, तिरकं. अशी तिनं हळूहळू त्रेचाळीस बटणं नेमली. वकिलांच्या कागदांची वेगळी, पत्रिकांची वेगळी.

"कुणी शिकवलं तुला?"

"आईनं."

"आईला कॉम्प्युटर येतो?"

"आईला फोन बी उचलाय येत न्हाय. पण सुपात काय कुठं ठेवायचं ते येतं की. तंबाखू डाव्या अंगाला, कापलेली पानं उजवीकडं, दोरा अंगठ्याजवळ. विड्या वळताना आई सुपाकडं बघायची न्हाय, शेजारणीकडं बघून भांडत असायची. म्हणायची, हात लांब गेला की दिवसाला विड्यांचं दोन कट्टं कमी. तेच मी हितं केलं." आणि मग थोडं थांबून म्हणाली, "एवढं करून कट्ट्यावर लेबल कंपनीचं. कुणी वळली ते कोण विचारत न्हाय."

मंगलनं तेव्हा 'हं' म्हटलं आणि आपल्या मशीनकडं तोंड केलं. पण त्या दिवसापासनं तिच्या कानात एक नवीनच खटखट शिरली. तिच्या स्वतःच्या मशीनचा आवाज कसा होता, तर टाइप, टाइप, मग माऊसची फरफट, क्लिक, क्लिक, पुन्हा फरफट. शेजारच्या मशीनचा आवाज एकसारखा, न थांबणारा, चुलीवर आधण उकळावं तसा. मंगल एक पान सजवीपर्यंत तिकडं चार व्हायची.

गिऱ्हाइकांना हे कळायला किती वेळ लागतो? वकिलांचा कारकून भरमा, बारा वर्षं मंगलकडंच कागद घेऊन यायचा. आता मंगलची खुर्ची मोकळी असली तरी तो बाकावर बसून राहायचा.

"द्या हिकडं, मी करते," मंगल म्हणायची.

"नको नको, आक्का. तुमी निवांत असा."

निवांत! तो शब्द मंगलला दिवसभर टोचायचा. भाकरी थापताना टोचायचा, देवापुढं दिवा लावताना टोचायचा. आणि भरमाला वाटायचं आपण मानच दिला.

पण सगळ्यात जिव्हारी लागायचं ते वेगळंच. मोठ्या कामात मजकूर मंगल टाइप करायची आणि मांडणीला तो उपासनाकडं जायचा. उपासनानं आपली बटणं दाबली की मंगलच्या ओळी वेड्यावाकड्या पळायच्या, कारण त्यांच्या पोटात त्या तेहेतीस आणि एकोणतीस स्पेस दडलेल्या. मग उपासना स्क्रीनवर सगळ्या खुणा दिसतील असं करायची. मंगलची एकेक स्पेस बारक्या टिंबासारखी दिसायची, मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशी पानभर टिंबं. आणि उपासना ती सगळी झाडून टाकायची. कधी एका शब्दानं बोलली नाही. उलट गुणगुणत झाडायची. आपल्या अंगणातला केर शेजारणीनं येऊन काढावा, आणि वर गाणं म्हणत काढावा, असं मंगलला व्हायचं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मंगल देवाधर्माची बाई. मनात काय चाललंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. माहेरच्या माउलीदेवीचा फोटो तिच्या देव्हाऱ्यात होता, त्याच्यापुढं ती रोज म्हणायची, "माउली, माझ्या मनातलं हे वंगाळ काढ." आणि मग जरा थांबून, "आणि जमलं तर त्या पोरीला निपाणीतच एखादी चांगली नोकरी लाव. आईजवळ राहील बिचारी."

अशात ही स्मरणिका आली. मंगलच्या माहेरची शाळा, ती सातवीपर्यंत शिकली ती शाळा. तिच्या आनंदाला पारावार नव्हता. नव्वद पानं तिनं एकटीनं टाइप केली. ती गुरुजींनी हातानं लिहिलेली, आणि त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागायचंच नाही. बाकीची पानं उपासनानं केली आणि मांडणी सगळी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, उपासनाची. डिसेंबरात एक दिवस अण्णा चहा पिता पिता सहज म्हणाले, "ह्या टायमाला नाव उपासनाचं येऊ दे. पुस्तक तिनं उभं केलंय."

मंगलनं हातातला कप खाली ठेवला. "माझी शाळा हाय, अण्णा."

"ते बी खरंच," अण्णा म्हणाले. "बघू. गुरुजींनाच इचारू."

जानेवारीत आईच्या डोळ्याच्या तपासण्या होत्या म्हणून उपासना तीन दिवस निपाणीला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा कोर्टात कागद द्यायला गेले. दुकानात मंगल एकटी. ती उठली आणि उपासनाच्या मशीनवर जाऊन बसली.

ती खिडकी कशी उघडायची हे तिनं शंभरदा बघितलं होतं. उघडली. डाव्या बाजूला खाली एक बटण होतं, त्यावरचं इंग्रजी तिनं अक्षर लावून वाचलं. रीसेट ऑल. म्हणजे सगळं होतं तसं परत. दाबलं. मशीननं विचारलं, नक्की काय? मंगलनं माउलीचं नाव घेतलं. कशाला घेतलं कोण जाणे, असल्या कामाला देवाला साक्षीला कोण बोलवतं का? पण सवयीनं आलं तोंडात. आणि तिनं होय म्हणून सांगितलं.

आवाज नाही, काही नाही. पुस्तकाची पानं होती तशीच राहिली. फक्त त्रेचाळीस बटणं मुकी झाली.

उपासना परत आली ती गुरुवारी. पिशवी टेबलाखाली ठेवली, मशीन सुरू केलं, अल्ट आणि एक दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग दोन, तीन, चार. मंगल आपल्या स्क्रीनमध्ये डोळे घालून बसली होती.

"अण्णा," उपासना म्हणाली, "माझी बटणं गेली वो सगळी."

"अपडेट आला असंल," अण्णा म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत अपडेटच दिसायचा.

मंगलला वाटलं, आता ही रडेल, आदळआपट करेल, निदान माऊस तरी बाहेर काढेल. तसलं काही झालं नाही. उपासनानं दोन्ही हात बटणांवर ठेवले, डोळे मिटले, आणि एकेका बोटाला जणू विचारू लागली की बाबा, तू कुठं जायचास. बोट हललं की डोळे उघडून ते बटण नेमायची. दीड दिवस लागला. काही बटणं नुसतीच पडून होती म्हणाली, ती परत घेतलीच नाहीत. काहींच्या जागा बदलून जवळ आणल्या. शनिवारपासनं तिचं काम आधीपेक्षा जलद होऊ लागलं. मंगलनं मनात कपाळावर हात मारला. हिचं वाईट करायला गेलं तरी हिचं चांगलंच होतं.

आणि आज सकाळी गुरुजींच्या ओसरीवर.

गुरुजी आता ऐंशीच्या पुढं गेलेले. चष्मा पुसून पुसून एकेक पान बघत होते. "शीर्षकं कशी उभी आहेत बघ," ते म्हणाले. "प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं जशी. एक पुढं नाही, एक मागं नाही." उपासना भिंतीवरचे शाळेचे जुने फोटो बघत होती, ती तिथनंच खुद्कन हसली. मंगलनं पान उलटून टाकलं.

शेवटच्या पानाशी गुरुजी थांबले. "हे कोरं का?"

मंगलनं अण्णांचा नियम सांगितला. दोघींनी काम केलंय, हेही सांगितलं. सांगताना नव्वद पानं हा आकडा जरा मोठ्यानं म्हटला. गुरुजींनी दोघींकडं बघितलं आणि पान मिटून तिच्या हातात दिलं. "मंगल, तू या शाळेची. चौथीत तुझं पाटीवरचं गणित चुकलं होतं तर तू आपण होऊन उभी राहून सांगितलंस, मला आठवतं. ही ओळ तूच भर. मी आता बघणार नाही. छापून आल्यावरच वाचीन."

म्हणून ती पिशवी जड होती.

उपासना ओढ्यातनं वर आली, पाय झटकले, चपला घातल्या. दोघी पुन्हा चालू लागल्या. गुरुजींच्या ओसरीवरनं निघाल्यापासनं उपासना त्या ओळीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. काजूचा मोहोर, खेकडे, वाटेत भेटलेली म्हैस, सगळ्यांबद्दल बोलली. मंगल मात्र मनात वाद घालत होती. नव्वद पानं माझी. शाळा माझी. गुरुजी माझे. आणि लोक बघतील, की मंगल देसूरकर याच गावची, हिनंच केलं पुस्तक. काय चुकीचं आहे त्यात?

"आईचं कसं हाय आता?" तिनं विचारलं. गप्प राहणं अवघड व्हायला लागलं होतं म्हणून.

"बरं हाय की. एक डोळा झाला. लांबचं लख्ख दिसाय लागलंय. समोरच्यांच्या दोरीवर कुणाची चड्डी वाळाय लागलीय ते बी सांगती."

मंगल नको नको म्हणताना हसली.

"खरं तर पट्टी सोडताना मीच जाणार हुतो," उपासना म्हणाली. इकडच्या बायका बोलतात तसं ती कधी कधी स्वतःला 'हुतो' म्हणायची. "आमचं ठरलंच हुतं. पट्टी सुटली की आधी माझं तोंड बघायचं. पण त्या शनिवारी ऑपरेशन आणि इकडं दीड दिवसाचं काम मागं पडलेलं. अण्णा म्हणाले, सोमवारी गुरुजींना पहिलं प्रूफ जायाच पायजे. मग शेजारची शालूबाई गेली. पट्टी सोडली तर समोर शालूबाई. आई म्हणाली, अगं शालू, तू लई म्हातारी झालीस की गं!"

उपासना मोठ्यानं हसली. मंगलच्या पायाखालचा रस्ता एकदम लांब झाला. शनिवारचं तिला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं.

रानात कुठंतरी भारद्वाज घुमत होता.

"आक्का," उपासना म्हणाली, रस्त्याकडं बघतच, "त्या दिवशी माझ्या मशीनला काय झालतं?"

"अपडेट आला असंल," मंगल म्हणाली. तिचा आवाज तिलाच अण्णांसारखा वाटला.

"अपडेट आल्यावर खुर्ची वर चढत न्हाय."

मंगल थांबली.

"मी गुरुवारी येऊन बसले तर पाय लोंबकळाय लागले," उपासना म्हणाली. "अण्णा बसले असते तर खुर्ची खाली केली असती, ते उंच हाईत. दुकानात वर करून बसणारं माणूस एकच हाय. बुटकं."

चोरी पकडली गेल्यावर माणसाला लाज वाटावी. मंगलला लाज वाटलीही, पण नंतर. आधी आला तो हेवाच. ही पोर त्या गुरुवारपासनं जाणून होती. महिना झाला. महिनाभर रोज सकाळी 'आक्का, च्या घेता?' म्हणत होती. आपल्याला हे एक दिवससुद्धा जमलं नसतं. बटणं तर बटणं, हिनं मनसुद्धा कसं आपल्या हाताशी ठेवलंय. हिच्याकडं तेही आहे आणि माझ्याकडं तेही नाही.

"अण्णांना का सांगितलं न्हाईस?" शेवटी ती म्हणाली.

"सांगून काय झालं असतं? तुमाला काढलं असतं. मग दिवसभर बोलायला कोण? अण्णा तर कन्नड बातम्या लावून बसतात."

"चेष्टा करू नको गं."

"करीत न्हाय. लई राग आलता, आक्का. खोटं कशाला सांगू? बटणांचा न्हाय. ती माझ्या बोटांत हाईत, मशीनमधली गेली तर गेली. पण आईच्या समोर मी न्हवतो. ते काय परत येणार हाय?"

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणासाठी आलं हे तिला सांगता आलं नसतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. पिशवी या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतली. पुढच्या वळणावर जांबोटीची घरं दिसू लागली, एका घरातनं धूर वर चालला होता.

"दोन्ही नावं घालू," ती घाईघाईनं म्हणाली. "अण्णांना मी सांगते. नियम काय देवानं केलाय? आधी तुझं, खाली माझं. झालं?"

उपासनानं मान हलवली. "दोन नको."

"का?"

"दोन घातली तर तुमी मला दिल्यासारखं होतंय, आणि मी तुमाला सोडल्यासारखं. हिशोब मिटला म्हणून दोघी गप. मला तसलं नको." ती आता रस्त्यात उभी राहिली होती, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "नव्वद पानं तुमी टायपलीसा. मला म्हाईत हाय. गुरुजींचं अक्षर मला वाचाय येत न्हवतं, ते बी खरं. पण पुस्तक कुणी उभं केलं? तुमीच सांगा. गुरुजी न्हाईत हितं, अण्णा न्हाईत. सांगा की."

मंगलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. नव्वद पानं, माझी शाळा, बावीस वर्षं, सगळं जिभेवर आलं होतं. तिनं उपासनाकडं बघितलं आणि ते सगळं गिळलं.

"तू," ती म्हणाली. एवढा एक शब्द काढायला तिला ओढा ओलांडण्याहून जास्त त्रास झाला, आणि म्हणून झाल्यावर बरं वाटलं असंही नाही. आतला खडा होता तिथंच होता.

"मग माझं एक काम करा, आक्का," उपासना म्हणाली. "ती ओळ मी टायपणार न्हाय. अण्णा बी नको. उद्या दुकान उघडलं की तुमच्या खुर्चीवर बसून, तुमच्या हातानं, तुमी माझं नाव टायपा. पुरं टायपा. उपासना पारूबाई घस्ते. कराल काय?"